ओरिजिनल की लोकल? ब्रेक पॅडची सव्वाशे वर्षं

गेल्या पावसाळ्यात ताम्हिणी घाट उतरताना एका वळणावर माझी बाईक जिथे थांबायला हवी होती तिथे थांबली नाही. फार नाही, आठ-दहा फूट पुढे गेली. समोर एक म्हैस होती, ती माझ्यापेक्षा शहाणी निघाली आणि आपणहून बाजूला झाली. पडलो नाही, लागलं नाही. पण ब्रेक दाबल्यावर पहिला जवळजवळ एक सेकंद काहीही झालं नाही आणि मग एकदम पकड आली, तो मधला रिकामा सेकंद काही डोक्यातून जाईना.

आमच्या मेकॅनिकना सगळे मामा म्हणतात. मामा म्हणाले, "पॅड संपत आलेत, ओरिजिनल घाला आणि पावसात जरा हळू जा." हा सल्ला इतका साधा होता की मला पटलाच नाही. आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. जुनं व्हर्जन नीट चालत नसेल तर तेच पुन्हा कशाला इन्स्टॉल करायचं? चार दिवस वाचन केलं आणि शनिवारी नाना पेठेत जाऊन 'सिंटर्ड' असं लिहिलेले पॅड घेऊन आलो. पाकिटावर मोठ्या अक्षरात 'एचएच' छापलेलं. ओरिजिनलपेक्षा स्वस्त. मामांनी काही न बोलता बसवून दिले.

आणि खरं सांगतो, पावसात फरक जाणवला. तो रिकामा सेकंद गेला. मी महिनाभर भेटेल त्याला सिंटर्ड पॅडचं माहात्म्य ऐकवलं. मग सात हजार किलोमीटरनंतर डिस्कवरून नख फिरवलं तर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या चरे पडलेल्या. व्हर्नियर लावून मोजली, तर डिस्कवरच कोरलेल्या किमान जाडीच्या खाली गेलेली! नवी डिस्क पॅडच्या पाच-सहा जोड्यांच्या भावात पडली. मामा तेव्हाही काही बोलले नाहीत, हे जास्त लागलं.

तर मंडळी, या खर्चाचं सार्थक म्हणून गेले काही विकांत मी एकाच प्रश्नामागे घालवले. ओरिजिनल पॅड म्हणजे नक्की काय आणि लोकल म्हणजे काय? (आपल्याकडे बाईक कंपनीच्या डब्यातलं सोडून बाकी सगळं 'लोकल', मग ते डेन्मार्कहून आलेलं का असेना.) वाटलं होतं एक तक्ता करून प्रश्न मिटेल. पण शोधत शोधत जाऊन पोचलो इंग्लंडमधल्या एका फाटक्या बुटापाशी, आणि तिथून थेट घाटकोपरला.

बुटाची गोष्ट अशी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी डर्बीशायरच्या डोंगराळ भागात मालाच्या घोडागाड्या उतारावरून उतरायच्या. चढावर थांबलेल्या गाडीच्या चाकामागे आपण दगडाची उटी लावतो, तो वेगळा प्रकार. इथे चाक फिरतं ठेवूनच वेग कमी करायचा. त्यासाठी लाकडाचा ठोकळा चाकाच्या लोखंडी धावेवर दाबत. तो ओला झाला की घसरायचा, कोरडा राहिला तर तापून धुमसायचा. म्हणून गाडीवान ठोकळा आणि चाक यांच्यामध्ये जुना बूट कोंबायचे. हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थांनी हे पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात आलं की या बुटाच्या जागी मुद्दाम बनवलेलं काहीतरी हवं. कोंब्स या खेड्यात घरच्या बागेतल्या शेडमध्ये त्यांनी पाणचक्कीवर चालणारं चाचणीयंत्र उभारलं, सुती कापडाचे थर डांबरासारख्या पदार्थात भिजवून दाबून ठोकळे केले आणि १८९७ मध्ये धंदा सुरू केला. पुढे शेजारच्या चॅपेल-एन-ल-फ्रिथ गावी कारखाना काढला. कंपनीचं नाव फेरोडो. स्वतःच्या आडनावाची अक्षरं उलटसुलट करून त्यात बायकोच्या, एलिझाबेथच्या, नावातला 'ई' घातला. (आमच्या टीममध्ये सर्व्हरला नावं देताना याच दर्जाची सर्जनशीलता दिसते.)

यात माझ्या प्रश्नाच्या दृष्टीने गंमत अशी की फ्रूड गाड्या बनवत नव्हते. गाडी बनवणाऱ्याने लावलेला 'ओरिजिनल' म्हणजे लाकडाचा ठोकळा. फ्रूडचा माल आफ्टरमार्केट! घर्षणाच्या पदार्थाचा अख्खा उद्योग सुरू झाला तोच मुळी ओरिजिनल पुरेसा नाही म्हणून. आणि बुटानेच शिकवलेली दुसरी गोष्ट आजही तशीच आहे. दोन कडक वस्तू एकमेकींवर दाबल्या तर एकतर घसरतात नाहीतर किंचाळतात. मध्ये असं काहीतरी लागतं जे स्वतः झिजेल आणि दुसऱ्याला सांभाळेल.

किंचाळण्याचा अनुभव फ्रेडरिक लँचेस्टरनी घेतला होता. त्यांनी डिस्क ब्रेकचं पेटंट १९०२ मध्ये घेतलं, पण पॅडला तांबं लावलेलं. धातूवर धातू. तो आवाज कोणाला सहन होईना. १९०७ च्या सुमारास फ्रूडनी त्यावर उपाय काढला तो अ‍ॅस्बेस्टॉसचा. फ्रूडचे जुने सुती ठोकळेही मोटारगाड्यांच्या वेगापुढे जळू लागले होतेच. अ‍ॅस्बेस्टॉस म्हणजे दगडातून निघणारा धागा. विणता येतो, जळत नाही, स्वस्त आहे. १९०७ मध्येच लिओ बेकलंडने बेकेलाइटच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि फेनॉलचं रेझिन हाताशी आलं. धागा आणि चिकटवणारं रेझिन, या जोडीवर पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगातले बहुतेक ब्रेक चालले. ओरिजिनल असो की लोकल, आत अ‍ॅस्बेस्टॉसच.

इथून गोष्ट जरा वेगळी होते.

इंग्लंडमध्येच रॉचडेलला टर्नर ब्रदर्सचा अ‍ॅस्बेस्टॉसचा कारखाना होता. तिथे नेली केर्शॉ नावाची बाई सूतकताईचं काम करायची. लहान वयापासून गिरणीत. फुफ्फुसं निकामी होत गेली, काम सुटलं, कंपनीकडे मदत मागितली ती मिळाली नाही, कारण अशा आजाराची कायद्यात नोंदच नव्हती. १९२४ मध्ये ती ३३ व्या वर्षी वारली आणि नावनिशाणी नसलेल्या थडग्यात पुरली गेली. डॉ. कुक यांनी तिची फुफ्फुसं सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, त्यात खनिजाचे कण सापडले आणि त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तो अहवाल छापून आला. १९३० मध्ये सरकारी पाहणी झाली, १९३१ मध्ये ब्रिटनने कारखान्यांतल्या धुळीसाठी नियम केले. दरम्यान टर्नर ब्रदर्सची टर्नर अँड न्यूऑल झाली होती, आणि १९२० च्या दशकातच फेरोडो त्या समूहात गेली.

म्हणजे धूळ मारते हे १९३१ पर्यंत कागदावर आलेलं होतं. या तारखेकडे लक्ष असू द्या.

आता घाटकोपर. लालबहादूर शास्त्री मार्गावरून जाणाऱ्या जुन्या मुंबईकरांना 'हिंदुस्तान फेरोडो' ही पाटी आठवत असेल. टर्नर अँड न्यूऑलचीच इथली कंपनी, ब्रेक लायनिंग आणि क्लच फेसिंग बनवणारी. पुढे मालकी आणि नाव दोन्ही बदललं, हिंदुस्तान कंपोझिट्स झालं. तिथे वर्षानुवर्षं काम केलेल्या कामगारांमध्ये अ‍ॅस्बेस्टोसिस असल्याचं मुंबईत व्यावसायिक आरोग्याचं काम करणाऱ्या डॉक्टरांनी आणि कामगार संघटनांनी पुढे आणलं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर निकाल देताना अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांनी कामगारांच्या आरोग्याची नोंद ४० वर्षं जपावी आणि आजार सिद्ध झालेल्या कामगाराला एक लाख रुपये भरपाई द्यावी असं सांगितलं. ४० वर्षं अशासाठी की हा रोग धूळ नाकात गेल्यावर लगेच दिसत नाही. वीस-तीस वर्षांनी, कामगार निवृत्त होऊन गावी गेल्यावर दिसतो. तेव्हा तो कुठे काम करत होता हे सिद्ध करणार कोण?

रॉचडेलच्या त्या अहवालापासून या निकालापर्यंत ७१ वर्षं. मी हे गणित दोनदा करून पाहिलं.

तिकडे ब्रिटनने १९९९ मध्ये पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली. टर्नर अँड न्यूऑलला १९९८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल-मोगलने विकत घेतलं आणि सोबत आलेल्या दाव्यांच्या ओझ्याने ती अवाढव्य कंपनी २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. अमेरिकेतला प्रकार तर आपल्या विषयाला फारच धरून आहे. तिथल्या पर्यावरण संस्थेने १९८९ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली, १९९१ मध्ये न्यायालयाने ती बरीचशी उठवली. नव्या गाड्यांच्या कारखान्यांतून अ‍ॅस्बेस्टॉस तोवर आपोआपच निघून चाललं होतं, कारण दाव्यांची भीती. राहिलं कुठे? सुट्या बाजारात, आयात केलेल्या लायनिंगमध्ये. शेवटी मार्च २०२४ च्या नव्या बंदीत 'आफ्टरमार्केट ब्रेक' हा शब्द वेगळा काढून लिहावा लागला. फ्रूडच्या शेडमध्ये सुट्या बाजाराने ओरिजिनलची चूक सुधारली होती. शंभर वर्षांनी तोच बाजार ओरिजिनलने टाकून दिलेलं विष विकत होता.

आपल्याकडे नावाजलेल्या कंपन्यांच्या पॅडवर 'अ‍ॅस्बेस्टॉस-विरहित' छापलेलं असतं. पण या खनिजाच्या आयातीवर आणि वापरावर भारतात सरसकट बंदी नाही, बरंचसं सिमेंटच्या पत्र्यांत जातं. त्यामुळे ज्या पाकिटावर बनवणाऱ्याचं नावच नाही त्यात काय आहे हे सांगायला कोणी बांधील नाही.

हे वाचून झाल्यावर मी मामांच्या गॅरेजमध्ये गेलो तेव्हा ते एका स्कूटरचा मागचा ड्रम उघडून एअर गनने धूळ उडवत होते. काळसर ढग, आणि त्यात मामा. १९८० च्या दशकापासून ते हेच करतायत. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ब्रेकच्या तापमानाला अ‍ॅस्बेस्टॉसचा धागा बऱ्याच अंशी मोडून दुसऱ्याच, धागा नसलेल्या खनिजात बदलतो, त्यामुळे घासून पडलेल्या धुळीत खरा धागा थोडाच उरतो. जास्त धोका लायनिंग बनवणाऱ्याला, आणि नवं लायनिंग रिव्हेट करून, भोकं पाडून, ग्राइंडरवर घासून बसवणाऱ्याला. ट्रकच्या गॅरेजांत ते काम चालायचंच. मामा म्हणाले, "सुरुवातीची चार वर्षं मी तिकडेच होतो, मालधक्क्याजवळ. दिवसाला दहा-दहा शू घासायचो." मामांना खोकला आहे. तंबाखूही आहे. कशाचं माप कुणाच्या पदरात घालायचं, मला माहीत नाही.

असो. परत बाईककडे.

दुचाकीवर डिस्क ब्रेक पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आला तो १९६२ च्या लँब्रेटा टीव्ही १७५ वर. इटलीतला, केबलने चालणारा. पण खरी क्रांती होंडा सीबी ७५० ची. १९६९ मध्ये विक्रीला आली, पुढे हायड्रॉलिक डिस्क. कोरड्या रस्त्यावर अफलातून. आता लोखंडी डिस्क गंजते, पार्किंगमध्ये एका पावसात तांबडी होते, आणि शोरूममध्ये तांबडी डिस्क कोण घेणार? म्हणून चकचकीत स्टेनलेस स्टील. त्या काळचे पॅड म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस आणि रेझिनवाले, ज्यांना सरसकट 'ऑरगॅनिक' म्हणतात. ही जोडी ओली झाली की पहिल्या क्षणी पकडच नाही! डिस्क मोटारीसारखी आत झाकलेली नाही, पुढच्या चाकाचं पाणी सरळ तिच्यावर. गुळगुळीत स्टीलवर पाण्याचा पातळ पापुद्रा, पॅडने तो पुसून काढेपर्यंत लिव्हर दाबून उपयोग नाही, आणि पुसला गेला की अचानक पूर्ण जोर. माझा ताम्हिणीतला रिकामा सेकंद तो हाच. सत्तरच्या दशकात ब्रिटनच्या ट्रान्सपोर्ट अँड रोड रिसर्च लॅबोरेटरीने या दोषावर रीतसर चाचण्या केल्या. ज्या देशात वर्षभर पाऊस पडतो तिथे हा बग सापडणारच.

मग फिक्स काय काय निघाले ते बघा. डिस्कला भोकं पाडली, पाणी आणि वायू निघून जायला वाट. होंडाने तर १९८२ मध्ये सीबीएक्स ५५० एफ वर लोखंडी डिस्क परत आणली, कारण ती ओलीही चांगली धरते, पण गंज दिसू नये म्हणून अख्खी डिस्क एका हवेशीर झाकणात बंद केली. इंजिनियरिंगचा सुंदर नमुना आणि पॅड बदलणाऱ्याच्या नशिबी शिव्या. टिकला तो तिसरा उपाय, सिंटर्ड पॅड. तांबं, कथील, लोखंड, ग्रॅफाइट यांची भुकटी दाबायची आणि वितळू न देता इतकी तापवायची की कण एकमेकांना धरतील. विमानांच्या ब्रेकमध्ये हे आधीपासून होतं. ब्रिटनमध्ये डनलॉपने असे पॅड सुट्या बाजारात आणले आणि ओल्या रस्त्यावरच्या चालकांनी ते उचलले. ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांनी तेच आपल्या मोठ्या बाईकवर कारखान्यातूनच द्यायला सुरुवात केली. कालचं आफ्टरमार्केट आजचं ओरिजिनल झालं.

मात्र कंपन्यांनी ते देताना एक गोष्ट सोबत केली, जी माझ्या नाना पेठेच्या खरेदीत राहून गेली. त्यांनी डिस्कही बदलली. सिंटर्ड पॅडच्या जोडीला कडक केलेल्या, त्या पॅडसाठी जाडी ठरवलेल्या स्टेनलेस डिस्क आल्या. पॅडच्या मागे उष्णता अडवणारा थर आला, कारण धातूचा पॅड ऊष्णता झटकन पिस्टनकडे आणि तिथून तेलाकडे नेतो. ब्रेकचं तेल, समजा डॉट ४, नवं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषून जुनं झालं की ही मर्यादा १५५ पर्यंत येऊ शकते. तेल उकळलं की लिव्हर थेट मुठीला टेकते.

किती तापतं याचा हिशोब करून पाहिला. मी आणि बाईक मिळून २२० किलो धरू. ताशी ८० वरून पूर्ण थांबायला सुमारे ५४ हजार ज्यूल ब्रेकमध्ये जिरवायचे. आणि घाटात ५०० मीटर उंची उतरायची तर साधारण पावणेअकरा लाख ज्यूल, म्हणजे ८० वरून लागोपाठ वीस वेळा थांबल्याइतके. त्यातलं बरंचसं इंजिन आणि वारा घेतो, जर गिअर खालचा ठेवला तर. (न्यूट्रलमध्ये घाट उतरून पेट्रोल वाचवणाऱ्या महाभागांनी हे वाक्य दोनदा वाचावं.)

आपल्याकडे साध्या बाईकवर डिस्क उशिरा आली. नव्वदच्या दशकातल्या शंभर सीसी बाईक सगळ्या ड्रमवाल्या. १९९९ ची हिरो होंडा सीबीझेड आणि २००१ ची पल्सर १८० यांनी पुढची डिस्क कॉलेजच्या पोरांच्या बोलण्यात आणली. मग चाकणला ब्रेम्बोचा कारखाना आला, औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) एंड्युरन्स ब्रेक बनवू लागली. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. बाईक कंपनी सहसा पॅड स्वतः बनवत नाही. ती स्पेसिफिकेशन देते, घर्षणाचा पदार्थ बनवणारा दुसराच कोणी असतो. 'ओरिजिनल' या शब्दाचा अर्थ एवढाच, की या डिस्कवर, या कॅलिपरमध्ये, या वजनाच्या बाईकवर हा पॅड कोणीतरी हजारो वेळा दाबून पाहिलेला आहे. सॉफ्टवेअरच्या भाषेत, डिपेंडन्सीसकट टेस्ट झालेला आहे.

आणि ते 'एचएच'? त्याने मला खरंच फसवलं, म्हणजे मीच फसलो. ही अमेरिकेच्या सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनियर्सची खूण. पॅडच्या पदार्थाचा एक इंच चौरस तुकडा फिरत्या ड्रमवर दाबतात आणि घर्षणांक मोजतात. पहिलं अक्षर साधारण तापमानाचं, दुसरं तापल्यानंतरचं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ ०.३५ ते ०.४५, जी ०.४५ ते ०.५५ आणि एच त्याच्या वर. एफएफचा पॅड काढून एचएचचा बसवला तर तेवढ्याच बोटांच्या जोरात तिप्पट नाही, पण तिसरा हिस्सा जास्त पकड येऊ शकते. बास. अक्षरं एवढंच सांगतात. पावसात काय होईल, किती टिकेल, डिस्क किती खाईल, यातलं काहीही त्या दोन अक्षरांत नाही. परीक्षेतल्या एका विषयाचे मार्क बघून मी पोरगी पसंत केली, असं बायको म्हणाली. :) शिवाय ती अक्षरं कोणीही छापू शकतो, आणि नाना पेठेतल्या त्या पाकिटावर बनवणाऱ्याचा पत्ता नव्हता हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नव्हतं.

चांगले ऑरगॅनिक पॅड आज फार पुढे गेले आहेत. अ‍ॅस्बेस्टॉसच्या जागी अरामिडचे धागे आले (केवलार, १९६५ मध्ये स्टेफनी क्वोलेक यांनी शोधलेला), काचेचे, खनिजांचे आले. त्यातला एक घटक वाचून मात्र मी खुर्चीतून उठलो. काजू! कोकणात ओल्या काजूगराला हात लावलेल्या प्रत्येकाला तो चीक माहीत आहे, बोटांची सालं निघतात. टरफलातलं ते जाळणारं तेल फेनॉलच्याच कुळातलं. १९२० च्या दशकापासून अमेरिकेत मॉर्टिमर हार्वे यांनी त्यापासून रेझिनं बनवली, आणि त्याची कडक करून दळलेली भुकटी ब्रेक लायनिंगमध्ये जाऊ लागली. ती पॅडला किंचित मऊपणा देते, आवाज कमी करते, डिस्क सांभाळते. अजूनही वापरतात. फ्रूडच्या बुटाचं काम आता वेंगुर्ल्याच्या टरफलाकडे असू शकतं, आणि आजीने हातावर खोबरेल चोपडून सोललेल्या काजूंची टरफलं कुठे जायची हा लहानपणीचा प्रश्न निदान अंशतः सुटला.

मग मी शेवटी काय केलं? नवी डिस्क घेतली आणि त्यावर ओरिजिनल पॅड. सिंटर्ड वाईट म्हणून नव्हे. माझी डिस्क त्यांच्यासाठी बनलेली नाही आणि दर सात हजारांना डिस्क बदलायची माझी ऐपत नाही. ज्यांच्या बाईकला कंपनीच सिंटर्ड देते त्यांनी नावाजलेल्या, पत्ता छापणाऱ्या कंपनीचे सिंटर्ड खुशाल घ्यावेत, कधीकधी ते डब्यातल्यापेक्षा सरसही असतात. पावसातला रिकामा सेकंद माझ्याकडे परत आला आहे, थोडा लहान होऊन. त्यावर उपाय म्हणून ओल्या रस्त्यावर वळणाच्या बऱ्याच आधी लिव्हर हलकेच दाबून डिस्क पुसून घेतो. मामा गेली चाळीस वर्षं हेच करतात, विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

पॅड बसवताना मामांनी सवयीने एअर गन उचलली. मी गॅरेजच्या नळावर फडकं भिजवून आणलं आणि म्हटलं, "मामा, मी पुसतो ना." त्यांनी माझ्याकडे बघितलं, गन खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, "पुसा. पण कॅलिपरच्या आतपण पुसा, नुसतं वरवर नको."

पुढचे दीडशे किलोमीटर पॅड डिस्कवर बसेपर्यंत जोरात ब्रेक मारायचा नाही, असं बजावलंय. त्यातले नव्वद झाले. उद्या पाऊस नसला तर मुळशीपर्यंत जाऊन उरलेले पूर्ण करीन म्हणतो.